डिझेल नव्वद, भाडं जिथल्या तिथे: एका गाडीच्या मालकाने करायचं काय?

दहाचाकी | सोम, १०/११/२०२५ - २१:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही दुसरी वेळ. (पहिल्यांदा ‘पोपटी की उंधियू’ धाग्यावर लिहिलं होतं, दोन्हीकडून मार खाल्ला.)

कळंबोलीत राहतो. एक दहाचाकी (ट्रक) आहे, २०१९चं मॉडेल, दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतली. चालवतो मीच, सोबत क्लीनर. लोखंड बाजारातून सळई, पत्रा, अँगल भरायचा आणि कोल्हापूर, सांगली, कधीमधी सोलापूर. हप्ता महिना ३८ हजार, अजून २२ राहिलेत.

दिवाळीनंतर बाजार थंड आहे. सणाला गावी गेलेले मजूर अजून साइटवर परतले नाहीत, म्हणून सळई उचलत नाही, म्हणून भाडं नाही. दिवाळीआधी कोल्हापूर १४५० रुपये टन होतं, आता १३००. ‘नको तर राहू दे, मागे चार गाड्या उभ्यात’ हे वर ऐकून घ्यायचं.

परवाच्या फेरीचा हिशेब देतो. १८ टन गुणिले १३०० म्हणजे २३,४००. जायला ३७० किलोमीटर, भरल्या गाडीला लिटरमागे ३.८ मिळतात, ९७ लिटर. येताना रिकामी, साडेपाचने ६७ लिटर. एकूण १६४ लिटर, नव्वदने १४,७६०. टोल जाऊन-येऊन ५,५००. माझी नि क्लीनरची खोराकी आणि क्लीनरचे पैसे मिळून २,०००. वराई (माल भरायची-उतरवायची हमाली), दलाली, किरकोळ १,२००. बेरीज करा: २३,४६०.

म्हणजे चार दिवस राबून साठ रुपये खिशातले गेले. हप्ता अजून धरलेलाच नाही.

तर विचारायचं असं, की डिझेल वाचवायचे खरे चालणारे उपाय कुणाकडे आहेत का? की गाडी काढून टाकावी? एकजण साडेअकरा लाख देतोय, फायनान्सवाल्याचे सात द्यायचे आहेत. बायको म्हणते तळोज्यात कंपनीची गाडी चालव, एक तारखेला पगार तरी येईल.

घणसोलीचा_गणू | सोम, १०/११/२०२५ - २१:५२

साठ रुपयांत कोल्हापूर दर्शन! यात्रा कंपनीवाले एवढ्यात चहासुद्धा देत नाहीत.

(दादा, राग मानू नका. हिशेब वाचून पोटात गोळा आला.)

निवांत_नेरूळ | सोम, १०/११/२०२५ - २२:१५

सगळं दुखणं टॅक्सचं आहे. डिझेल जीएसटीत आणा, एका दिवसात प्रश्न सुटेल. आणि आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत व्हॅट बाकी महाराष्ट्रापेक्षा जास्त, हा अन्याय वेगळाच.

हिशेबनीस | सोम, १०/११/२०२५ - २२:३१

@निवांत_नेरूळ, दुसरा मुद्दा शिळा झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई पालिकांच्या हद्दीत डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता, तो १ जुलै २०२४ पासून २१ टक्के केला. बाकी राज्यात आधीपासून २१च होता. पूर्वी लोक पालिकेची हद्द ओलांडून टाकी भरायचे, त्यात आता राम नाही.

पहिल्या मुद्द्याला तत्त्वतः अनुमोदन. डिझेल जीएसटीबाहेर असल्यामुळे त्यावर भरलेल्या कराची वजावट कुणालाच मिळत नाही, तो सगळा भाड्यात तरी जातो नाहीतर मालकाच्या अंगावर तरी येतो. पण धागाकर्त्याचा पुढचा हप्ता पाच तारखेला आहे, जीएसटी परिषद कधी बसेल ते देवाला ठाऊक.

रिकामटेकडा | सोम, १०/११/२०२५ - २२:४०

उतारावर न्यूट्रल करा. माझे मामा खंडाळा ते खोपोली इंजिन जवळजवळ न वापरता उतरायचे. अख्ख्या घाटाचं डिझेल वाचतं.

नांदेडचा_चालक | मंगळ, ११/११/२०२५ - ००:२०

वरचा प्रतिसाद कुणीही मनावर घेऊ नका. मी १७ वर्षं गाडी चालवतोय, सध्या पळस्पे फाट्याला नंबर लावून उभा आहे.

भरलेली गाडी घाटात न्यूट्रलला सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापतात, मग पाय दाबला तरी गाडी धरत नाही. बोरघाटात उतारावर जे एकामागे एक गाड्या चिरडून अपघात होतात, त्यातले किती असे ते घाटातल्या पोलिसांना विचारा. शिवाय डिझेल वाचतं हेही खोटं आहे. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. मामांची गाडी जुन्या पंपाची असेल. नशीब चांगलं होतं त्यांचं.

आता धागाकर्त्यांना. मालक, खरे उपाय साधे आहेत आणि कंटाळवाणे आहेत. हवा आठवड्याला तपासा, मागच्या जोडचाकांत आतला टायर नेहमी कमी निघतो कारण त्याची हवा बघायला कुणाला वाकायचं नसतं. ऐंशीने पळवू नका, ५५-६० धरा, कोल्हापूरला दीड तास उशिरा पोचाल, तसंही गोडाऊन सकाळी दहालाच उघडतं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा. लायनीत उभे असताना इंजिन बंद. ताडपत्री ढिली असेल तर ती वाऱ्याने फुगते आणि गाडी मागे ओढते, रिकामी येताना तर गुंडाळूनच ठेवा. एवढं केलंत तर ३.८ चे ४.१ होतील. ४.५ होतात म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दहाचाकी | मंगळ, ११/११/२०२५ - ०६:५०

@नांदेडचा_चालक, मनापासून आभार. आतल्या टायरचं अगदी खरं. ताडपत्रीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण मी आत्ता बसून काढलं. जाताना ३.८ चे ४.१ झाले तर ९७ लिटरचे ९० होतात. सात लिटर, सव्वासहाशे रुपये. सोडायचे नाहीतच, पण तेवढ्याने माझं भागत नाही.

पाटलीणबाई_उरण | मंगळ, ११/११/२०२५ - ११:०५

दादा, तुमचा हिशेब दोनदा वाचला. माझ्या मिस्टरांचा ट्रेलर आहे, न्हावा शेवा बंदरातून द्रोणागिरीच्या गोदामांपर्यंत कंटेनरचे डबे ओढतो. आधी तीन होते. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातले, साडेबारा टक्के योजनेचे पैसे आले तेव्हा आमच्या गावात घराला एक ट्रेलर असा हिशेबच झाला होता. सगळ्यांनी तोच धंदा केला, मग बंदराच्या गेटवर आपणच आपल्या पुढे आणि आपणच आपल्या मागे उभे. दोन विकले, तेव्हापासून घरात झोप लागते. वही मी लिहिते.

तर चुका सांगते, वाईट वाटून घेऊ नका.

एक, टायर कुठे आहेत? दहा टायर घासत जातात, ते फुकट आहेत का? आम्ही किलोमीटरमागे अडीच रुपये बाजूला टाकतो. तुमच्या ७४० किलोमीटरला १,८५० झाले. म्हणजे साठ नाही, १,९१० गेले.

दोन, विमा, परमिट, टॅक्स, पासिंग. वर्षाचे दिवसांवर वाटा.

तीन, आणि ही सगळ्यात मोठी. तुमची मजुरी कुठे आहे? चार दिवस गाडी तुम्ही चालवलीत. बाहेरचा ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला पगार दिला असता ना? स्वतःची मजुरी शून्य धरून लोक भाडं घेतात, म्हणून बाजारात भाडं पडतं. तुमच्या मागे उभ्या असलेल्या त्या चार गाड्या पण असाच हिशेब करतायत.

घणसोलीचा_गणू | मंगळ, ११/११/२०२५ - ११:११

ताईंनी पासिंगला आलेल्या गाडीसारखं तपासलं. दादा, हेडलाइट तरी चालू आहेत का बघा.

कोलशेतकर | मंगळ, ११/११/२०२५ - १३:३०

सहानुभूती आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी काय पाप केलंय? गायमुख घाटात एक कंटेनर बंद पडला की माझी मुलगी शाळेतून दोन तास उशिरा येते. अवजड गाड्यांना शहरातून दिवसा पूर्ण बंदी हवी. तुमचं अर्थकारण आमच्या फुप्फुसांवर का?

नांदेडचा_चालक | मंगळ, ११/११/२०२५ - १४:१०

साहेब, तुमच्या घरातली फरशी, फ्रीज, तांदूळ हे गायमुखवरूनच आलं ना. आम्हाला काय हौस आहे तुमच्या बिल्डिंगखालून जायची? ठरलेल्या वेळेतच सोडतात. त्या वेळेआधी खारेगावला अडवतात. वेळ संपायला पाच मिनिटं कमी असताना माजिवड्याला पोचलो की पुढे तासन्‌तास बसायचं, शौचालय नाही, सावली नाही. ते तास कुणाच्या हिशेबात धरायचे?

कोलशेतकर | मंगळ, ११/११/२०२५ - १४:४४

शौचालयाचा मुद्दा मान्य. ट्रक टर्मिनल शहराबाहेर हवं, हे आम्हीही सोसायटीच्या निवेदनात लिहिलं होतं. आपण एकाच बाजूचे आहोत बहुतेक, फक्त एकमेकांवर हॉर्न वाजवतोय.

वाफेचं_इंजिन | मंगळ, ११/११/२०२५ - १६:००

कटू बोलतो. लांब पल्ल्याचा माल रस्त्याने जाणं हेच मुळात चुकीचं अर्थशास्त्र आहे. पश्चिम मालवाहतूक मार्गिकेचा (फक्त मालगाड्यांच्या रेल्वेमार्गाचा) वैतरणा ते जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेवा बंदर, हा शेवटचा तुकडा जोडला गेला, की गुजरात-राजस्थान-दिल्लीकडचे डबे डबल स्टॅक (एकावर एक दोन डबे) गाडीने जातील. एका गाडीच्या मालकाने त्याआधीच बाहेर पडावं.

पाटलीणबाई_उरण | मंगळ, ११/११/२०२५ - १६:२५

डबा रेल्वेने दिल्लीजवळ दादरीला जाईल हो, पण फॅक्टरीच्या दारापर्यंत रूळ नाहीत. आणि दादा कोल्हापूरला जातात, कोल्हापूर त्या मार्गावर येत नाही.

जुना_हुंडेकरी | मंगळ, ११/११/२०२५ - २२:१०

तुर्भ्याला माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, वय ६४. या धाग्यावर दलाल या शब्दाला आतापासूनच वास येतोय, म्हणून लिहितो.

मंदी ही काय पहिली नाही. २००८ ला कळंबोलीत गाड्या अशा उभ्या होत्या की चाकांखाली गवत उगवलं होतं. नोटबंदीत रस्त्यावरच्या ड्रायव्हरकडे खर्चाला चालणारी नोट नव्हती. कोविडमध्ये सहा महिने हप्ते थांबवायची सवलत मिळाली, मार्च ते ऑगस्ट २०२०. लोकांना वाटलं माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं, नंतर मुदत वाढून आली तेव्हा डोळे उघडले.

पण भाडं का वाढत नाही याचं कारण कुणी बोलत नाही. डिझेलचा भाव ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळा झाला, २०१७ च्या जूनपासून रोजच्या रोज बदलायची पद्धत आली. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला, जकात नाके गेले. चांगलंच झालं. पण नाक्यावर दीड-दीड दिवस उभी राहणारी गाडी तोच वेळ आता पळू लागली, म्हणजे गाड्या तेवढ्याच आणि फेऱ्या जास्त. लगेच २०१८ च्या जुलैत धुऱ्यावरचा (ॲक्सलवरचा) कायदेशीर भार वाढवून दिला. साधी सहाचाकी १६.२ टनांची १८.५ टनांची झाली, मोठ्या गाड्यांचंही तसंच. म्हणजे तोच माल न्यायला आता कमी गाड्या पुरतात. माल त्या मानाने वाढला नाही. मग भाडं कोण वाढवून देणार? यात दलालाने काय खाल्लं ते सांगा.

आणि पैशाचं म्हणाल तर मला माल पाठवणारी पार्टी साठ-सत्तर दिवसांनी देते. मी गाडीवाल्याला डिझेलपुरता ॲडव्हान्स रोख देतो, तो माझ्या खिशातून.

दहाचाकी | बुध, १२/११/२०२५ - ०७:१५

काका, भाराचं गणित पहिल्यांदाच कळलं. मला वाटायचं १८ टन भरता येतात ते आपल्या फायद्याचं.

पण राग येणार नसेल तर विचारतो. डिझेल २०२१ मध्ये आपल्याकडे शंभरीपार गेलं तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ट्रान्सपोर्टरला दर वाढवून दिले, त्यांच्या करारात तसं लिहिलेलंच असतं. ते खाली गाडीवाल्यापर्यंत आले का? माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती, दुसऱ्याची चालवत होतो, मालक रोज शिव्या घालायचा.

जुना_हुंडेकरी | बुध, १२/११/२०२५ - ०९:३०

काहींनी दिले. सगळ्यांनी नाही. मीही सगळ्या फेऱ्यांना दिले नाहीत.

रिकामटेकडा | बुध, १२/११/२०२५ - ०९:३४

आंतरजालावर असं कबूल करणारा माणूस! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

हिशेबनीस | बुध, १२/११/२०२५ - १२:२०

मी ठाण्यात सीए आहे, चार-पाच गाडीवाल्यांची कामं बघते. थोडं कोरडं लिहिते, पण उपयोगी पडेल.

कर: दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला आयकराच्या ४४ एई कलमाखाली ठोक उत्पन्न दाखवता येतं. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला हजार रुपये. तुमची २८ टनांची, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत करच लागत नाही, वह्या ठेवायचीही सक्ती नाही. आणि इथेच घोळ होतो. वह्या नाहीत म्हणून माझ्या एकाही गाडीवाल्याला किलोमीटरचा खर्च सांगता येत नाही. पाटलीणबाई, तुम्ही अपवाद आहात, माझ्याकडे नोकरीला या.

टीडीएस: पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लेखी दिलं की ट्रान्सपोर्टरने टीडीएस कापायचा नाही. कुणी एक टक्का कापत असेल तर आधी हे पत्र द्या.

उधारी: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करा, फुकट आहे, मोबाइलवर होते. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून त्याला दात आलेत: मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. मार्च जवळ आला की हे वाक्य पार्टीच्या अकाउंटंटला नुसतं आठवण म्हणून पाठवायचं.

जुना_हुंडेकरी | बुध, १२/११/२०२५ - १२:५५

ताई, कायदा बरोबर आहे. पण उद्यमचा कागद पुढे केला की पुढच्या वेळी त्याच्या गाडीचा नंबरच लागत नाही. बाजार असा चालतो.

हिशेबनीस | बुध, १२/११/२०२५ - १३:०२

माहीत आहे. म्हणून ‘आठवण’ म्हटलं, नोटीस नाही म्हटलं.

ठाणेकर_विकास | बुध, १२/११/२०२५ - १८:४०

सगळे जुन्यातच अडकलेत. न्हावा शेवा बंदरात सप्टेंबरमध्ये इलेक्ट्रिक ट्रकांचा ताफा आणि बॅटरी बदलायचं केंद्र सुरू झालंय. केंद्राच्या योजनेत एका ट्रकमागे ९.६ लाखांपर्यंत अनुदान आहे. डिझेलचा प्रश्नच मिटला. नाहीतर सीएनजी घ्या, किलो ऐंशीच्या घरात आहे.

दहाचाकी | बुध, १२/११/२०२५ - २०:१०

विकासभाऊ, त्या गाडीच्या किमतीत कळंबोलीत फ्लॅट येतो. शिवाय अनुदानाला जुनी गाडी भंगारात काढल्याचा दाखला लागतो. बंदरातल्या बंदरात फिरायला ती बरीही असेल, खंबाटकी चढून कोल्हापूरला जायला अजून वाटेत कुठे थांबून चार्ज करू?

सीएनजी मित्राने घेतली, चौदा फुटी. वाशी मार्केट ते भिवंडी मस्त चालते. पण पंपावर तास तास लाईन, आणि घाटात १८ टन तिच्याने ओढवणार नाहीत.

निवांत_नेरूळ | बुध, १२/११/२०२५ - २०:३०

इलेक्ट्रिकला एक्सप्रेसवेवर टोलमाफी आहे की!

हिशेबनीस | बुध, १२/११/२०२५ - २०:४१

कार आणि बसला. मालगाडीला नाही.

घणसोलीचा_गणू | बुध, १२/११/२०२५ - २०:४५

मुंबईच्या नाक्यांवर टोल माफ झाला तेव्हाही हलक्या गाड्यांनाच. दादा, तुमची दहाचाकी आहे, चार चाकं उचलून धरली तर जमेल का?

मिसळप्रेमी | बुध, १२/११/२०२५ - २१:३०

अवांतर: कोल्हापूर लाईनला पेठ नाक्याच्या आसपास ट्रकवाले जिथे जेवतात तो ढाबा कुठला? कारवाले थांबतात तिथे दोनशेची थाळी आणि रस्सा पाणचट.

नांदेडचा_चालक | बुध, १२/११/२०२५ - २३:५०

ते सांगितलं तर तिथे कार येतील आणि थाळी दोनशेची होईल. सांगत नाही.

पाटलीणबाई_उरण | गुरु, १३/११/२०२५ - १०:४०

धागा भरकटायच्या आधी मला जे सांगायचं होतं ते सांगते.

दादा, तुम्ही डिझेलला धरून बसलाय कारण पंपावर भाव बोर्डावर लिहिलेला दिसतो. जे लिहिलेलं नसतं ते जास्त खातं. तुमचेच आकडे घेते. डिझेल उद्या तीन रुपयांनी वाढलं तर १६४ लिटरला ४९२ रुपये गेले. आता गाडी उभी राहिली तर? हप्ता दिवसाला १,२६७. विमा-परमिट-टॅक्स मिळून वर्षाला लाख-सव्वालाख तरी धरा, नुसता थर्ड पार्टीच तुमच्या वजनाला ४३,९५० आहे, नॅशनल परमिट १६,५००. दिवसाला साडेतीनशे. तुमची मजुरी सातशे तरी धरा. २,३०० झाले. म्हणजे कोल्हापूरच्या गोडाऊनने ‘आज क्रेन नाही, उद्या या’ म्हटलं, तर त्या एका शब्दाने डिझेल चौदा रुपयांनी वाढल्याइतकं नुकसान होतं.

आणि रिकामं येणं. ते तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, पण सहज लिहिलंय. ६७ लिटर डिझेल आणि अर्धा टोल हवा वाहून आणायला. बरं, एक दिवस माल शोधत तिथे थांबलात आणि मिळाला नाही तर पुन्हा २,३००.

आम्ही काय केलं ते सांगते. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्यायला लागलो, पोचल्यापासून २४ तासांनंतर रोजचं हॉल्टिंग (गाडी उभी ठेवल्याचे पैसे) अमुक. पहिल्या महिन्यात तीन पार्ट्या गेल्या. एक परत आली. पोचल्याचा फोटो वेळेसकट ग्रुपवर टाकायचा, भांडण अर्धं तिथेच संपतं.

दहाचाकी | गुरु, १३/११/२०२५ - २२:३०

ताई, आज दिवसभर हेच डोक्यात होतं. जुनी डायरी काढली. गेल्या तीन महिन्यांत माझी गाडी माल भरायला, उतरवायला आणि बंदीच्या वेळेत मिळून २६ दिवस नुसती उभी होती. नंबर लावून बाजारात बसलो ते वेगळेच. आणि १८ फेऱ्यांपैकी ११ वेळा रिकामा आलो.

रिकामा का आलो? दोन-तीनदा मालच नव्हता. बाकीच्या वेळी ‘इथे एक दिवस थांबण्यापेक्षा घरी जाऊ, बाजारात नंबर लागेल’ असं वाटलं म्हणून. खरं सांगायचं तर पोरगी दहावीला आहे, घराची ओढ असते. त्या ओढीची किंमत आज पहिल्यांदा लिहिली.

परतीचा माल मिळाला असता तर? गूळ, कास्टिंग, काहीही. १६ टन, आठशेने १२,८००. भरून यायला तीस लिटर जास्त म्हणजे २,७००, वराई-दलाली ९००. हातात ९,२००. त्यातून टायर गेले, एक दिवस थांबण्याचे गेले, तरी पाच हजार उरतात. अकरा फेऱ्यांचे तुम्हीच बघा.

निवांत_नेरूळ | शुक्र, १४/११/२०२५ - ०८:१५

म्हणजे सरकारचा काही दोष नाही, सगळा दोष गाडीवाल्याचा? हे जरा जास्तच झालं. ई-चलानचं कुणी बोललंच नाही. जुलैत वाहतूकदारांनी त्यावरूनच संप केला ना? गाडी सिग्नलला उभी असताना मागून फोटो आणि दंड.

पाटलीणबाई_उरण | शुक्र, १४/११/२०२५ - ०९:००

दोष कुणाचा हे मी बोललेच नाही. संपाला आमचा ट्रेलरही उभा होता. पण संपाच्या दिवसांचा हप्ता फायनान्सवाल्याने घेतलाच.

नांदेडचा_चालक | शुक्र, १४/११/२०२५ - १५:२०

एक सांगायचं राहिलं, मालक गाडी विकून नोकरी करायचं म्हणतात त्याबद्दल. कंपनीची गाडी म्हणजे जीपीएस, एव्हरेज ठरवून दिलेलं, डिझेल कमी आलं की पगारातून कापणार. काही ड्रायव्हर डिझेल काढून विकतात हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण खोटं एव्हरेज लादलं की सरळ माणूसही पुढच्या खेपेला वाकडा होतो. तुम्ही दोन वर्षं मालक होतात, तुम्हाला ते झेपेल का ते बघा. पगार मात्र एक तारखेला येतो हे खरं.

आणि विकायचीच असेल तर भाव घाईत धरू नका. नवीन गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाल्यापासून जुन्यांना विचारणारे कमी झालेत. साडेअकरा म्हणणारा नंतर साडेदहावर येईल.

हिशेबनीस | शुक्र, १४/११/२०२५ - १५:५०

शेवटचं वाक्य उलट बाजूनेही वाचता येतं. विकायचीच असेल तर साडेअकरा आजच घ्या.

दहाचाकी | सोम, २४/११/२०२५ - २१:१५

धागा वर काढतोय. दहा दिवसांत काय झालं ते सांगतो.

विकलेली नाही. मार्चपर्यंत थांबायचं ठरवलं, बायकोशी बोलून. ३१ मार्चला वही उघडायची, महिन्याला माझी मजुरी धरून शून्याच्या वर नसेल तर गाडी देऊन टाकायची आणि तळोज्याला जायचं. बायकोने तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे, लाल पेनाने.

बाजारातल्या चौघांना धरून एक ग्रुप केला. दोन दहाचाकी, एक बाराचाकी, एक सतरा फुटी. कोल्हापूर-सांगलीकडे आज कोण आहे, परतीचा माल कुणाला मिळाला, कुठल्या गोडाऊनला क्रेन बंद आहे, एवढंच लिहायचं. सुप्रभातचे फोटो टाकणाऱ्याला शंभर रुपये दंड. दोनशे जमलेत.

हॉल्टिंग बिल्टीवर लिहा म्हटलं तर पहिल्या ट्रान्सपोर्टरने बिल्टीच परत घेतली. दुसऱ्याने लिहिलं, पण ४८ तासांनंतरचं. घेतलं.

आतल्या टायरची हवा तपासली. एकात निम्मीच होती.

अजून एक फेरी रिकामीच आलो. सांगलीहून. पोरीची पूर्वपरीक्षा जवळ आलीय.

पाटलीणबाई_उरण | सोम, २४/११/२०२५ - २१:४०

४८ तर ४८. मुलीला शुभेच्छा. ती फेरी वहीत ‘घरखर्च’ म्हणून लिहा, धंद्यात नको.

घणसोलीचा_गणू | सोम, २४/११/२०२५ - २१:४४

सुप्रभात दंडाची आयडिया आमच्या सोसायटीच्या ग्रुपला लावली तर इमारतीचा पुनर्विकास फुकटात होईल.

जुना_हुंडेकरी | सोम, २४/११/२०२५ - २२:३०

दहाचाकी, गुरुवारी तुझी गाडी कोल्हापुरात असेल तर कागलहून तळोज्याला १५ टन कास्टिंग आहे. साडेआठशे रुपये टन. वराई पार्टीकडे. ॲडव्हान्स निम्मा, बाकी पोच दिल्यावर आठ दिवसांत, मी बघतो. व्यनि (खासगी निरोप) कर.

दहाचाकी | सोम, २४/११/२०२५ - २२:३४

केला, काका. हॉल्टिंग २४ तासांचं लिहाल ना?

जुना_हुंडेकरी | सोम, २४/११/२०२५ - २२:५१

३६.